सामना तिकडे, धडधड इकडे

क्रिकेटची मोठी स्पर्धा जवळ आली की क्रिकेट मंडळाची निवड समिती बसायच्या आधी आपल्याकडच्या समित्या बसतात. नांदेडला वजिराबादेत चहाच्या हॉटेलासमोर एक समिती, नव्या मोंढ्यात दुसरी. लातूरला गांधी चौकात एक आणि गंजगोलाईत दुकानागणिक एक. प्रत्येक सभासदाच्या खिशात अकरा नावे तयार असतात. "सलामीला डावरा पाहिजेच," असे एक म्हणतो. "अहो काका, खेळपट्टी बघा आधी, तीन फिरकीवाले लागतील," असे दुसरा सांगतो. तिसरा कोपऱ्यातून हळूच म्हणतो, "लिहून ठेवा, उपांत्य फेरीच्या पुढे आपण जात नाही." झाले! त्यानंतर चहाचे आणखी चार कप येतात आणि वाद रंगतो.

आरोग्याच्या सदरात हे क्रिकेट कुठून आले, असे वाचकांना वाटेल. पण या गप्पा, ही भाकिते आणि त्यानंतर चार-आठ तास टीव्हीसमोर बसणे या सर्वांचा हृदयाशी, रक्तदाबाशी, साखरेशी आणि घरातल्या शांततेशी फार जवळचा संबंध आहे. तेव्हा आजचा लेख क्रिकेटच्या चाहत्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

वाद जुनाच आहे

निवडीचे वाद आपल्याला नवे नाहीत. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनवर उपांत्य सामन्यात अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून श्रीलंकेला फलंदाजी दिली. पुढे १ बाद ९८ वरून आपला डाव ८ बाद १२० असा कोसळला, प्रेक्षकांच्या गोंधळामुळे सामना थांबला आणि श्रीलंकेला विजयी घोषित करण्यात आले. "आधी बॅटिंग घ्यायला पाहिजे होती" हे वाक्य त्या रात्रीपासून आजतागायत चालू आहे. २००३ च्या विश्वचषकात लक्ष्मणला वगळले म्हणून लोक हळहळले. त्याच संघात आपल्या मराठवाड्याचा, बीडचा संजय बांगर होता म्हणून इकडे अभिमानही होता. २०१९ साली रायुडूऐवजी विजय शंकर का, यावर महिनाभर चर्चा झाली. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला सलग दहा सामने जिंकून आलेला संघ अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरला, आणि अश्विनला खेळवायला हवे होते की नाही, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानटपरीवर होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तर वाद घरचाच झाला. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बीडच्या सचिन धसने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या. मराठवाड्यातल्या प्रत्येक समितीने त्याला त्याच संध्याकाळी मोठ्या संघात घेऊन टाकले!

गप्पा हे औषधच

प्रथम चांगली बाजू सांगू. अशा गप्पा प्रकृतीला चांगल्या असतात. निवृत्त झालेले गुरुजी, मुले पुण्या-मुंबईला गेलेले आई-वडील, दुकान मुलाच्या हाती सोपवलेले आजोबा यांना रोज बोलायला विषय लागतो. एकटेपणाने मन खचते, झोप बिघडते, औषधे वेळेवर घेतली जात नाहीत. हृदयविकार असलेल्या माणसाला एकटेपणा विशेष बाधतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलेले आहे. क्रिकेटच्या निमित्ताने म्हातारा माणूस चालत चौकापर्यंत येतो, चार लोकांत बसतो, मोठ्याने हसतो, जुने आकडे आठवून सांगतो. यात पायांचा, फुफ्फुसांचा आणि स्मरणशक्तीचा, तिन्हींचा व्यायाम होतो. त्यामुळे घरातल्या सूनबाईंनी "काय रोज उठून तेच ते क्रिकेट" असे म्हणून आजोबांना अडवू नये.

त्रास सुरू होतो तो सामना चालू झाल्यावर.

अंगात काय घडते?

शेवटच्या षटकात दहा-बारा धावा हव्या आहेत. मैदानावर चेंडू दुसराच कोणी टाकतो आहे, आपण नांदेडात खुर्चीवर बसलो आहोत. पण शरीराला हा फरक कळत नाही. मेंदूला वाटते की संकट आपल्यावरच आले. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नावाचा स्राव रक्तात उतरतो. नाडी, जी एरवी मिनिटाला ६० ते १०० असते, ती शंभराच्या वर जाते. रक्तदाब चढतो, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. रक्तातील बिंबाणू एकमेकांना चिकटण्यास अधिक तयार होतात.

निरोगी तरुणाला याने काही होत नाही. सामना संपला की अर्ध्या-पाऊण तासात सगळे पूर्ववत होते. परंतु ज्याच्या हृदयाच्या रोहिण्यांमध्ये चरबीचे थर साचले आहेत, त्याचे गणित वेगळे. वाढलेल्या दाबाने अशा थराला चीर पडू शकते, तेथे रक्ताची गुठळी जमते आणि रोहिणी बंद होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

ही नुसती कल्पना नाही. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या भागातील डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा संघ ज्या दिवशी खेळत होता, त्या दिवशी अशा रुग्णांचे प्रमाण इतर दिवसांच्या २.६६ पट होते. पुरुषांत ते ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात सुमारे चौपट. आणि सर्वाधिक रुग्ण आले ते सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत.

इंग्लंडमध्येही असाच अनुभव आला. ३० जून १९९८ रोजी अर्जेंटिनाविरुद्धचा सामना इंग्लंडने पेनल्टीवर गमावला. त्या दिवशी आणि नंतरच्या दोन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. सर्वच पाहण्यांत इतके मोठे आकडे आलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परंतु ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे त्याने सामन्याच्या दिवशी जपावे, एवढा बोध यातून नक्की घ्यावा.

फुटबॉल दोन तासांचा, क्रिकेट दिवसाचे

फुटबॉलचा सामना दोन तासांत आटोपतो. आपला एकदिवसीय सामना आठ तास चालतो, वीस षटकांचा झाला तरी साडेतीन तास. म्हणजे ताण अधिक वेळ, आणि त्याच्या जोडीला आपली बैठक.

बैठकीत काय काय असते ते आठवून पाहा. दर विकेटला एक चहा. दोन चमचे साखरेचे सहा चहा झाले की पन्नास-साठ ग्रॅम साखर पोटात गेली. मधुमेह्याने ही साखर मोजलेलीच नसते, कारण "जेवण तर कुठं केलं?" मग मिरची भजी, फरसाण, शेव-चिवडा. त्यातील मीठ रक्तदाब वाढवते. आणि सर्वांत वाईट म्हणजे तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सामना रंगात आला की खिशातून पुडी निघतेच. पुडी नसेल तर तंबाखू-चुना आहेच. तंबाखूतील निकोटीन रोहिण्या आकसवते आणि नाडी वाढवते. ॲड्रिनॅलिन जे काम करत असते तेच काम निकोटीनही करते. दोघे मिळून हृदयाला दुहेरी फटका देतात. तोंडाच्या कर्करोगाचे तर वेगळे सांगायला नको.

त्यातच गोळ्या चुकतात. रात्री आठची रक्तदाबाची गोळी "डाव संपल्यावर घेतो" म्हणून राहून जाते. इन्सुलिन घेतले आणि विकेट पडल्यामुळे जेवण तासभर लांबले, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, भोवळ येते. आजूबाजूच्यांना वाटते, "मामांनी सामना फार मनाला लावून घेतला!"

"एवढी ओव्हर संपू द्या"

आजच्या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. घरातील प्रत्येकाने तो वाचावा.

सामन्याच्या वेळी छातीत दुखू लागले तर माणूस दोन कारणे शोधतो. पहिले, "भजी बाधली, ॲसिडिटी आहे." दुसरे, "टेन्शनमुळं होतंय, सामना संपला की बरं वाटेल." आणि मग तो म्हणतो, "एवढी ओव्हर संपू द्या, मग जाऊ." ओव्हर संपते, दुसरी सुरू होते. घरचेही टीव्हीकडे बघत असतात. तासभर असाच निघून जातो.

गुठळीमुळे रोहिणी बंद झाली की तिच्या पुढचा हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते, अँजिओप्लास्टीही होते, पण त्यांचा खरा फायदा पहिल्या काही तासांत आहे. जितका उशीर तितका तोटा. आपल्या जिल्ह्यांत अंतराची अडचण वेगळीच. किनवट-माहूरहून नांदेड गाठायचे किंवा जळकोट-देवणीहून लातूर गाठायचे, तर रस्त्यातच बराच वेळ जातो. तो वेळ आपण कमी करू शकत नाही. टीव्हीसमोरचा तास मात्र आपल्या हातातला आहे.

लक्षणे ओळखावीत ती अशी. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे, आवळल्यासारखे किंवा जड ओझे ठेवल्यासारखे वाटणे. दुखणे डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, जबड्यात किंवा पाठीत जाणे. गार घाम, मळमळ, उलटी, दम लागणे, जीव घाबरा होणे. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात कधी कधी छातीत फारसे दुखतच नाही. नुसता थकवा, धाप किंवा पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थपणा एवढेच जाणवते. चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभे राहून सर्वांना भजी तळून देणाऱ्या माउलीला घाम आला, तर तो उकाड्याचा आहे असे धरून चालू नये.

असे काही झाल्यास टीव्ही बंद करावा. रुग्णाला अर्धवट बसते करून स्वस्थ ठेवावे, चालवू नये, जिना चढू-उतरू देऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. ज्यांना डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी देऊन ठेवली आहे, त्यांनी ती सांगितल्याप्रमाणे घ्यावी. ॲस्पिरिनची गोळी द्यायची की नाही हे फोनवर डॉक्टरांना विचारून ठरवावे, कारण काहींना ती चालत नाही. रुग्णाने स्वतः मोटारसायकल चालवत दवाखान्यात जाणे म्हणजे जिवाशी खेळ. जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजीची सोय आहे तेथे आधी पोचावे. पुढे नांदेडच्या विष्णुपुरीला किंवा लातूरच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचे का, हे तेथील डॉक्टर ठरवतील.

ईसीजी निघाला आणि काहीच नाही असे ठरले, तर हसत घरी या. सामन्याचा निकाल कोणीही सांगेल.

भाकीत आणि खिसा

आता भाकितांकडे वळू. "म्या म्हणलो नव्हतो का?" हे वाक्य आपल्या कट्ट्यांवर सामन्यानंतर हमखास ऐकू येते. गंमत अशी की ते म्हणणाऱ्याला खरोखरच तसे आठवत असते! बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली दाखवून दिले की निकाल कळल्यानंतर माणसाला तो आधीपासून दिसतच होता असे वाटू लागते. चुकलेली भाकिते मन विसरते, बरोबर आलेली जपून ठेवते. त्यामुळे "आपला अंदाज पक्का" असा भ्रम तयार होतो.

प्रत्यक्षात क्रिकेट कोणाच्याच अंदाजाला भीक घालत नाही. २०११ च्या विश्वचषकाच्या संघात रोहित शर्माला जागा मिळाली नव्हती. त्यानेच २९ जून २०२४ रोजी कर्णधार म्हणून वीस षटकांचा विश्वचषक उंचावला. २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकात पाच फिरकी गोलंदाज घेतले म्हणून निवड समितीला बोल लावणारे पुष्कळ होते. वरुण चक्रवर्तीने न्यूझीलंडचे पाच बळी घेतले आणि शेवटी करंडकही आपल्याकडे आला. त्याच वर्षी महिलांच्या विश्वचषकात शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाल्यामुळे ती आली, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढून दोन बळीही घेतले. चौकातल्या कोणत्या समितीने हे लिहून ठेवले होते?

हा भ्रम गप्पांत राहिला तर करमणूक. पैशात उतरला तर आजार. चहाची पैज लावता लावता माणूस शंभर, हजार आणि मग सोयाबीनच्या पट्टीच्या पैशांपर्यंत कधी जातो ते त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची स्वतंत्र नोंद आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली, पण चोरवाटा असतातच. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा पैसे लावणे, घरी खोटे बोलणे, उधारी, झोप उडणे, चिडचिड, ही लक्षणे दिसली तर घरच्यांनी ओरडा न करता मदत शोधावी. टेलि-मानस ही शासनाची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. "आता जगून काय करू" असे शब्द कोणाच्या तोंडी आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच घटकेला फोन करावा.

पराभवाची रात्र

जिंकल्यावर आपण म्हणतो, "आपण जिंकलो!" हरल्यावर म्हणतो, "हे लोक हरले." अमेरिकेत १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी या अभ्यासकाला विद्यार्थ्यांच्या बोलण्यात नेमके हेच आढळले होते. हा मनाचा बचाव आहे आणि तो ठीकच आहे. पण काही माणसे हा पराभव दुसऱ्याच्या अंगावर काढतात.

इंग्लंडच्या लँकशायर भागातील पोलिसांच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड हरले त्या दिवशी घरगुती मारहाणीच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढल्या. जिंकले किंवा बरोबरी झाली तेव्हाही २६ टक्क्यांनी वाढ होतीच. म्हणजे दोष नुसत्या पराभवाचा नाही. भडकलेले डोके आणि पोटातली दारू यांची जोडी वाईट. सामना हरला म्हणून ताट भिरकावणे, पोराला चापट मारणे, बायकोवर डाफरणे याला "टेन्शन" हे नाव देऊ नये. राग आलाच तर पायात चप्पल घालून वीस मिनिटे चालून यावे. ॲड्रिनॅलिन उतरवण्याचा तो उत्तम मार्ग आहे.

मुलांची झोप

लातुरात शिकवणीसाठी बाहेरगावची हजारो मुले खोल्या करून राहतात. २००७ साली वेस्ट इंडिजमधील विश्वचषकाचे सामने आपल्याकडे संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपत. २०२४ चा वीस षटकांचा अंतिम सामनाही रात्री उशिरापर्यंत चालला. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के होते ते झोपेत. चार तास झोपून दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राचे गणित सुटत नाही. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना किमान आठ तास झोप लागते. महत्त्वाचे एक-दोन सामने जरूर बघावेत, बाकीच्यांचा धावफलक सकाळी वर्तमानपत्रात वाचावा.

स्पर्धेच्या काळातील पथ्य

१. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी स्पर्धेपूर्वी एकदा तपासून घ्यावे. गोळ्या टीव्हीशेजारी ठेवू नयेत, त्या ताटाशेजारी ठेवाव्यात, म्हणजे जेवणाची वेळ आणि गोळीची वेळ चुकत नाही.

२. दर पाच-सहा षटकांनी उठून अंगणात किंवा गच्चीवर दोन मिनिटे चालावे.

३. बैठकीसाठी भज्यांऐवजी सुशीला करावा, थोडे शेंगदाणे, काकडी, गाजर ठेवावे. चहा दोनच, नंतर ताक किंवा पाणी.

४. तंबाखू आणि दारू बैठकीबाहेर. जमल्यास या स्पर्धेपासून कायमचीच.

५. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी अटीतटीची शेवटची षटके एकट्याने बघू नयेत. धडधड वाढल्यास उठून जावे, निकाल शेजारून ऐकू येतोच.

६. १०८ आणि आपल्या डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

७. पैज फक्त चहाची, तीही बिनसाखरेच्या.

संघात कोण असावा यावर आपण जरूर भांडावे. आपले कोणी ऐकत नाही हे ठाऊक असूनही भांडावे, त्यात मोठी मौज आहे. फक्त छातीत कळ आली, तर त्या क्षणी कर्णधार कोण, सामना कोणाशी, षटके किती राहिली, हे सारे बाजूला ठेवून उठावे. पुढच्या स्पर्धेच्या वेळी चौकातल्या समितीत आपली जागा रिकामी दिसू नये, एवढीच इच्छा.